तिसरा कौल

पहिल्या फेकीला होकार पडला. लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरींपैकी एक उताणी, एक पालथी. सू-हुआनने मघापासून कोंडलेला श्वास सोडला.

"अजून दोन," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकत त्या उचलायला वाकली. तिला मदत केलेली चालत नसे.

तिची आई, आ-ग्योकबाई, चाळीस वर्षं समुद्रदेवी मात्सूच्या देवळाच्या पायऱ्यांना लागून कालवांचं आम्लेट विकत होती. मुलीच्या लग्नापासून नवा तवा घेण्यापर्यंत तिने देवीला विचारल्याशिवाय काही केलं नव्हतं. सलग तीन होकार आले तर हो, नाहीतर नाही. हृदयाची झडप बदलायची तारीख दोनदा मिळाली, दोन्ही वेळा कौल फिसकटला आणि बाई घरी बसली. आता उद्या सकाळची शस्त्रक्रियेची तारीख होती. त्यासाठी आज संध्याकाळी सातच्या आत इस्पितळात दाखल व्हायचं होतं. याही वेळी टाळलंत तर आईंना पुढचं नवं वर्ष दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सू-हुआनला बाजूला घेऊन सांगितलं होतं. देवळाच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाजारातले दिवे एकेक करून लागत होते. पायऱ्या चढण्याचं बळ आईत उरलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यात खालच्या पायरीवरच उभी होती, आणि माणसं भाजलेल्या माकुळाच्या काड्या हातात धरून तिला वळसा घालून जात होती.

दुसरी फेक. एक उताणी, एक पालथी.

"बघ, देवीलाही तेच वाटतंय," सू-हुआन म्हणाली. "टाक पटकन."

"देवीला घाई करू नये."

आईने डोळे मिटले, ओठ हलवले आणि चंद्रकोरी सोडल्या. एक पायापाशीच पालथी पडली. दुसरी पायरीच्या कडेवर आपटली, उडाली, माणसांच्या पायांतून घरंगळत शेजारच्या फळांच्या गाड्याखाली गेली, तिथे फरशीवर एकदा वाजली आणि थांबली.

आता ती उताणी असायला हवी होती. दोन्ही पालथ्या म्हणजे देवीचा सरळ नकार.

"कुणी हात लावायचा नाही," आई म्हणाली. "पडली तिथंच बघायची."

गाडा होता कीमचा. कीम आणि सू-हुआन यांच्यात सहा महिने शब्द नव्हता. आम्लेटचा गाडा की फळांचा गाडा, कुणी कुणाच्या हद्दीत वीतभर सरकलं, यावरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडण झालं होतं.

"ताई, तुमची लेक माझ्या गाड्याखाली काय शोधतेय?" कीमने पेरू चिरता चिरता आईला विचारलं. सू-हुआनकडे तिने बघितलंही नाही.

सू-हुआन गुडघ्यांवर बसली. मोबाइलचा उजेड पाडला. पेरूच्या साली, बर्फाचं वितळलेलं पाणी, आणि त्यात ती चंद्रकोर. पालथी. गोल पाठ वर करून स्वस्थ पडलेली. तिने डोळे मिटून पुन्हा बघितलं, तरी पालथीच.

हात पुढे गेला. एका बोटाने काम झालं असतं. पण देवीचा कौल उलटा करायची हिंमत तिला झाली नाही. खोटं बोलायची झाली.

"उताणी आहे," ती गाड्याखालूनच म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा आई तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कीम," आई म्हणाली, "तू बघ गं एकदा."

जी बाई वीतभर जागा सोडत नाही, ती हे कशाला सोडेल? कीमने सुरी ठेवली, हात पुसले आणि सू-हुआनच्या हातातला मोबाइल न विचारता घेतला. वाकली. नुसतं बघायला एवढा वेळ लागत नाही. समोरच्या गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली, तरी ती उठेना.

शेवटी उठली. मोबाइल परत देताना तिने सहा महिन्यांत पहिल्यांदा सू-हुआनच्या डोळ्यांत बघितलं.

"उताणी आहे. आता किती जणींनी सांगायचं?" ती आईला म्हणाली. "निघा ताई, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि कुणी काही बोलायच्या आत तिने पायाने ती चंद्रकोर बाहेर ओढली, उचलली आणि एप्रनला पुसून आईच्या हातात दिली.

आईने दोन्ही चंद्रकोरी कपाळाला लावल्या, जागेवर ठेवायला सू-हुआनकडे दिल्या आणि देवीला तीनदा वाकून नमस्कार केला.

टॅक्सी बाजारातून बाहेर पडली तेव्हा आई ताठ बसली होती. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर.

"पालथी होती ना?" पुलावर आल्यावर तिने विचारलं.

सू-हुआन हातातल्या मोबाइलकडे बघायला लागली.

"चाळीस वर्षं ऐकतेय," आई म्हणाली. "पालथी पडली की आवाज वेगळा येतो."

"मग तू निघालीस कशी, आई?" सू-हुआन तिच्याकडे वळली. "परत फिरायचं का? सांग तू. मी गाडी फिरवायला सांगते."

आईने खिडकीची काच वर केली. वारा लागत होता.

"दोन होकार देवीचे," ती म्हणाली. "तिसरा तुम्हा दोघींचा. तीन झाले की."

सू-हुआनने तिचा हात धरला. तो गार होता, आणि या वेळी आईने तो सोडवून घेतला नाही.

"आणि मी परत आले ना," आई म्हणाली, "की कीमला ती वीतभर जागा देऊन टाकायची."