फेस

अमीरबी रोज सकाळी दारातच म्हशीची धार काढून घ्यायची आणि पातेल्यात बघून गवळ्याला म्हणायची, "दूध कमी, फेसच लई, बाबासो!" बाबासो हसून आणखी दोन धारा सोडायचा. लेकीला, कुलसुमला, शेजाऱ्यांची लाज वाटायची.

"अम्मा, रोजची कटकट बंद कर की," ती एकदा म्हणाली.

त्यानंतरचे दोन महिने, अगदी जाईपर्यंत, अम्मा पातेलं मुकाट्यानं आत नेत राहिली.

अम्मा गेल्यानंतरचा चाळिसावा उरकल्यावर कुलसुम पातेलं घेऊन दारात आली. धार काढून झाली, तरी बाबासो म्हैस हाकून पुढच्या दारी जाईना.

"कायतरी बोला की, ताई."

कुलसुमनं खाली बघितलं. फेस बसला होता आणि दूध काठोकाठ होतं.

"दूध कमी," ती म्हणाली, "फेसच लई, बाबासो."