सुटलेल्या खोल्या

“म्हणजे आता गॅलरीच तेवढी राहिली ना?” तिनं विचारलं.

बँकेतला साहेब गोंधळला. गळ्यात टाय, मिसरूड आत्ता कुठं फुटलेली. “कसली गॅलरी, ताई?”

शेजारच्या खुर्चीत नवरा चुळबुळला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये माणसं अडकली की बाहेरून ओरडायचा, “झालंच हां, घाबरू नका!” काही झालेलं नसलं तरी ओरडायचा. इथं मात्र तो मांडीवरच्या फायलीची नाडी बोटाला गुंडाळत बसला होता.

मग तिनंच साहेबाला समजावलं, पोराला शिकवावं तसं. घर कर्जाचं. हप्ते भरत जाऊ तसा एकेक भाग आपला होतो. आधी स्वयंपाकघर सुटलं. मग मोरी. मग झोपायची खोली. गेल्या वर्षी बाहेरची. खोली सुटली की नवरा घरी येऊन सांगायचा, आणि तेव्हाच ती तिथल्या भिंतीला खिळा मारायची. त्याआधी एकही नाही. बँकेच्या भिंतीला भोकं कशाला? भाड्याच्या घरात राहताना एकेका भोकाचे पैसे घरमालकांनी कापून घेतले होते. गॅलरीतल्या दोरीसाठी हुक तिनं कालच आणून ठेवलेत.

साहेबानं एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

“ताई, तुमच्या कर्जात आधीची वर्षं नुसतं व्याज होतं. म्हणून तर हप्ता भाड्याएवढा बसला. मुद्दल आहे तिथंच आहे. आता ती मुदत संपली. पुढच्या महिन्यापासून मुद्दलासकट भरायचं. हप्ता दुपटीच्या वर जाईल.”

“नाही झेपणार. विकतो मग,” ती म्हणाली.

“विकलंत तरी कर्ज फिटणार नाही. तिकडचे भाव पडलेत.”

ती ताडकन उठली. “फसवलंत! अडाणी बघून गळ्यात धोंडा बांधलात!” रांगेतल्या माना वळल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतंय.

साहेब चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. “दरवर्षी बँकेतून फोन गेलाय, ताई, इथं नोंद आहे. थोडं थोडं मुद्दल टाका म्हणून. हे म्हणायचे, बघू.”

ती नवऱ्याकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

“घेतानाच.” तो फरशीकडे बघत होता. “वाटलं, पगार वाढेल. भाव चढतील. मग मुद्दल भरू. उरलंच नाही कधी काही.”

“आणि खोल्या? खोल्या सुटल्या म्हणून सांगायचात, ते?”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“पहिल्या वर्षी तू विचारलंस, किती झालं हो आपलं, म्हणून हसत विचारलंस. तोंडाला आलं ते बोललो. स्वयंपाकघर. लग्न झाल्यापासून तू रात्री दचकून उठायचीस. दाराशी घरमालक आलाय म्हणायचीस. त्या रात्री पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपलीस. मग दरवर्षी सांगत गेलो.”

ती परत खुर्चीत बसली.

“आणि आज रात्री?” तिनं विचारलं.