दोन रेघांची पेटी

घराबाहेर पडताना रेवतीकाकू दाराशी प्रकाशाची पेटी लावायच्या. चोरांच्या भीतीने हल्ली सगळेच लावतात. मागे घरात कुणी नसेल, तर दोन फटींतून सुटलेला प्रकाश लाटेसारखा पसरून पेटीच्या काचेवर पट्टेच पट्टे उमटवतो. कुणाची नजर पडली, की तोच कणांसारखा निमूट वागून दोनच रेघा काढतो.

नवरा गेल्यापासून काकूंच्या काचेवर रोज दोन रेघा. कुलूप मात्र शाबूत.

शेवटी वैतागून त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

"पेटी ठणठणीत आहे, काकू. आज तुम्ही बाहेर होतात तेव्हाचे तर पट्टेच आलेत. घरात काही बदललंत?"

"ह्यांची खाट तेवढी सकाळी भंगारात दिली. तिच्यावर पडून दिवसभर दाराकडे डोळे लावून असायचे..."

काकू बोलता बोलता थबकल्या आणि अनवाणीच भंगारवाल्याच्या दुकानाकडे धावत सुटल्या.