अकरावी पायरी

अकराव्या पायरीवर पार्वताबाईंनी भरलेलं सिलिंडर खाली ठेवलं आणि मान हलवली.

"नाई होत मले."

वर दारात खुर्ची टाकून बसलेल्या सूर्यभान मास्तरांनी शिट्टी वाजवली. शिट्टीतून आवाज कमी आणि हवा जास्त आली. मांडीवरच्या वहीत त्यांनी लिहिलं : सिलिंडर, पायऱ्या बावीस. पोहोच अकरा. पकड उत्तम, ठेवताना आवाज नाही. नापास.

मास्तरांनी बाळापूरला एकतीस वर्षं पी.टी. शिकवली होती. त्यांची काही मुलं पोलिसात होती आणि दोन-तीन पोलिसांपासून पळण्यात वाकबगार होती. दम दोघांचाही चांगला. निवृत्त होऊन अकोल्याला आल्यावर त्यांना एकच विद्यार्थिनी उरली. वय बासष्ट, नात्याने बायको.

पोळ्याच्या आठवड्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी मास्तरांचे रिपोर्ट उजेडात धरून बराच वेळ पाहिले होते. दिवाळी होईल, पुढचं सांगता येत नाही, म्हणाले. मास्तरांनी बाहेर येऊन उसाचा रस घेतला, अकोल्याची एस.टी. पकडली आणि बडनेरा मागे पडायच्या आत वहीत पाच रकाने आखले. ताकद, दम, तोल, लवचीकपणा, चपळाई. शेजारी बसलेल्या पार्वताबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

चाळीस वर्षं जड ते मास्तरांनी उचललं होतं आणि उंचावरचं मास्तरांनी काढलं होतं. याचा त्यांना अभिमान होता. आता ती चूक वाटत होती. मुलगी नाशिकला, तिच्याकडे कायमचं जायला पार्वताबाई तयार नव्हत्या. म्हणजे लिफ्ट नसलेल्या या पहिल्या मजल्यावर ही बाई एकटी राहणार. पडली तर तिला आपली आपण उठता आलं पाहिजे. तेवढी तयारी करून घेऊन मगच जायचं, असं मास्तरांनी ठरवलं.

दात घासताना एका पायावर उभं राहायचं. जमिनीवरून हात न टेकता उठायचं. पहाटे मैदानाला आधी एक फेरी, मग दोन, मग चार. काकूंना भरतीला पाठवता काय, असं शेजारणींनी विचारून घेतलं. उंची कमी पडते, मास्तरांनी सांगितलं. पार्वताबाई कुरकुरत राहिल्या आणि दिवाळीच्या आत सगळ्या चाचण्या पास झाल्या.

राहिलं फक्त सिलिंडर. ते गॅसवाला वाहेद वर आणून द्यायचा. पण दुसऱ्याच्या खांद्यावरची ताकद मास्तर हिशेबात धरत नसत. सरावासाठी एक भरलेलं सिलिंडर त्यांनी जिन्याखाली ठेववलं.

"एवढं वर आनलं ना पार्वता, का वही बंद," ते म्हणाले. "मंग मी मोकळा."

पार्वताबाई पदर खोचून खाली गेल्या, सिलिंडर उचललं आणि अकराव्या पायरीवर थांबल्या.

तेव्हापासून रोज पाच वाजता अकरावी पायरी. मास्तरांनी शेंगदाणे-गूळ सुरू केला, उठाबशा वाढवल्या, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा ते शिकवलं. एकदा चिडलेही.

"चांदूर बाजारची ना तू? संत्र्याच्या बागेतली?"

"ते लग्नाच्या पयले. तुमच्या राज्यात हाडं मऊ झाले."

दिवाळी गेली. संक्रांत गेली. डॉक्टर नवे रिपोर्ट पाहून चक्रावले आणि हे कसं काय, म्हणाले. विद्यार्थिनी ढ आहे, मास्तरांनी सांगितलं, रजा मिळत नाही.

चैत्रापर्यंत मात्र मास्तर निम्मे झाले. अकरा ते एक औषधाच्या गुंगीत पडून राहायचे. पाचला पार्वताबाई त्यांना धरून खुर्चीत आणायच्या, गळ्यात शिट्टी अडकवायच्या आणि पदर खोचून खाली जायच्या.

पाडव्यानंतर एक दिवस औषध संपलं. पार्वताबाई मेडिकलला गेल्या आणि मास्तर अकरा वाजता टक्क जागे राहिले. जिन्यात पावलं वाजली. वाहेद धापा टाकत आत आला आणि सिलिंडर धाडकन फरशीवर आपटलं.

"काकू नाई वाटते?"

"औषध आनाले गेली."

"तरीच. नाईतर मले कोन वर येऊ देते?" वाहेद घाम पुसत म्हणाला. "दिवाळीपासून हे तिसरं सिलिंडर, मास्तर. पयल्या दोन्ही बार काकूनं खालीच अडवलं. खांद्यावर टाकलं, का एका दमात वर. मागच्या मैन्यात तं तिसऱ्या मजल्यावरच्या हीनाबाजीचंबी नेऊन देल्लं. मले म्हणे, मास्तर झोपले हायेत, त्याह्यले सांगू नको." तो थांबला. "आता निंगालं तोंडातून. तुमीबी सांगू नका."

वाहेद गेल्यावर मास्तरांनी वही उघडली. मागची पानं उलटत गेले. प्रत्येक पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ठेवताना आवाज नाही.

पाच वाजता शिट्टी झाली. पार्वताबाईंनी जिन्याखालचं सिलिंडर उचललं. मास्तर पायऱ्या मोजत होते. आठ, नऊ, दहा. अकराव्या पायरीवर पार्वताबाईंनी ते अलगद ठेवलं.

"नाई होत मले."

मास्तरांनी वही मांडीवर ओढली.

"गुडघे कच्चे हायेत तुये," ते म्हणाले. "लय दिवस लागन अजून." आणि त्यांनी वहीत लिहिलं : नापास.