उभ्या इंजिनाला करंट

"उभ्या इंजिनाला करंट कशाला हो? झोपलेल्या माणसाला कुणी जेवण भरवतं का?"

हे विचारणाऱ्या सेक्रेटरीने सकाळीच येऊन चार साइडिंगना, म्हणजे गाड्या बाजूला उभ्या करायच्या रुळांना, एकेक बटण बसवलं होतं. आणि चारही बंद करून ठेवली होती.

"झोपलेला घोरतो तरी," गार्डसाहेब म्हणाले. "घोरणं थांबलं की बायको दचकून उठते."

मॉडेल रेल्वे मंडळातले सगळे हसले. गार्डसाहेब हसले नाहीत. खऱ्या रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून, गेली बारा वर्षं, या टेबलावरच्या छोट्या रेल्वेच्या गाड्या चालवायचा कंट्रोलर त्यांच्याच हातात होता. पाच वाजता प्रदर्शन उघडणार होतं आणि आज त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत ते नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

"डिजिटल आहे बाबा हे. सगळ्या रुळांत करंट खेळता राहतो आणि ज्याचा नंबर दाबू तेच इंजिन पळतं. बाकीची जागेवर धडधडत हुकमाची वाट बघतात. त्यांना असं मारून टाकू नकोस."

"त्या धडधडीने माझं डोकं उठतं. एकदा चालवून तर बघा."

गार्डसाहेबांनी चालवून बघितलं. मालगाडी डबे पुढे ढकलत दोन नंबरच्या साइडिंगमध्ये शिरली आणि तिथे गपगार उभ्या असलेल्या इंजिनावर आदळली. तीन डबे आडवे.

सेक्रेटरीने डबे उचलून पुन्हा रुळावर ठेवले. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, वय कुणाला चुकलंय? आज कंट्रोलर मी घेतो. तुम्ही काकूंबरोबर समोर खुर्चीत बसा."

काकू पुढे आल्या. त्या नेहमीच बरोबर असत. लग्नाला चाळीस वर्षं होऊनही दोघं हातात हात घालून जिना चढतात, यावरून मंडळात थट्टा चाले. "अहो, चला ना घरी," त्या पुटपुटल्या.

"खुर्चीत बसायला माझा सत्कार आहे काय?" गार्डसाहेबांचा आवाज चढला. "साइडिंगना करंट दे. मग एका गाडीला दुसरी नुसती शिवली तरी कंट्रोलर तुझा, कायमचा. नाही शिवली तर माझा. तसं लिहून द्यायचं!"

बटणं चालू झाली. तीन साइडिंगमधली इंजिनं जागी झाली, कुणी गुरगुरलं, कुणी फुसफुसलं. चौथी रिकामी होती. गार्डसाहेबांनी मान जरा कलती केली आणि अर्धा तास अशा गाड्या खेळवल्या की बघणाऱ्यांच्या कपातला चहा गार झाला.

सेक्रेटरीला राहवेना. साहेबांची पाठ वळताच त्याने दोन नंबरचं इंजिन उचललं आणि चार नंबरवर ठेवलं. एक्सप्रेस तिकडेच निघाली होती. त्या इंजिनापासून दोन बोटांवर येऊन ती थांबली.

"चारमध्ये कोण येऊन बसलंय रे? दोनचं भाडं परवडेना वाटतं!" गार्डसाहेब म्हणाले.

"म्हाताऱ्याच्या पाठीला डोळे आहेत!" कुणीतरी ओरडलं.

सेक्रेटरी शब्दाचा पक्का. त्याने तिथेच फाईलमधल्या कागदावर पत्र लिहिलं, सही ठोकली आणि घाईघाईत फाईलमधून कागद काढून पुढे केला. "मोठ्याने वाचा, साहेब. सगळ्यांना ऐकू द्या."

गार्डसाहेबांनी चष्मा लावला. कागद हातभर लांब धरला. "'कंट्रोलर गार्डसाहेबांकडेच राहील आणि साइडिंगच्या करंटला कुणी हात लावणार नाही.' खाली सही. अक्षर मात्र कोंबडीचे पाय आहेत हो!"

टाळ्या पडल्या. सेक्रेटरी फाईल मिटायला गेला आणि तसाच थांबला. सही केलेलं पत्र अजून फाईलमध्येच होतं. त्याने साहेबांच्या हातातला कागद पाहिला. दोन्ही बाजूंनी कोरा.

काकूंनी त्याच्यापुढे हात जोडले.

"खरंय, साहेब," सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अक्षर माझं पहिल्यापासूनच वाईट."