भातलावणीचे चित्र

परळच्या रुग्णालयात डॉक्टर अक्षदा यांनी ते रंगीत चित्र कौसल्याबाईंसमोर ठेवले.

"घाबरू नका, आजी. ही काही परीक्षा नाही."

"मग लाल पेन कशाला गो हातात?"

डॉक्टर हसल्या. शेजारी बसलेला मुलगा हितेंद्र हसला नाही. स्मृती ढळल्याचा दाखला मिळताच आईला कर्जतच्या वृद्धाश्रमात ठेवावयाचे, असे त्याने व त्याच्या पत्नीने ठरविले होते. दोघेही नोकरीस जात आणि घरी गॅस दोन वेळा उघडा राहिला होता. कौसल्याबाईंना मात्र लालबागची आपली खोली सोडावयाची नव्हती. म्हणून त्या पदर सावरून अत्यंत एकाग्रतेने चित्र पाहू लागल्या.

चित्रात चिखलाने भरलेले शेत होते. एका कडेला पुरुष नांगर धरून उभा होता. तीन स्त्रिया ओणव्या होऊन भाताची रोपे लावीत होत्या. बांधावरील झाडाला टांगलेल्या झोळीत मूल निजले होते, आणि मधल्या स्त्रीने मान वळवून त्या झोळीकडे दृष्टी लावली होती.

"या बायका कोणत्या दिशेनं चालल्यात?"

"मागं."

"नीट बघा हं. तोंड पुढे आहे ना त्यांचं?"

"तोंडाचं सोड गो. पाय मागंच सरतात. पुढं गेली तर लावलेली रोपं तुडवील ना ती!"

डॉक्टरांचे पेन थांबले. त्यांनी हितेंद्रकडे पाहिले. "असं असतं का हो?"

वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हितेंद्रने दर पावसाळ्यात गावच्या शेतात याच आईच्या हाती रोपांच्या जुड्या दिल्या होत्या. ती जशी मागे सरे, तसा तोही सरत असे.

"आम्ही मुंबईतलेच, डॉक्टर," तो मान खाली घालून म्हणाला. "शेतातलं काही माहीत नाही."

कागदावर लाल फुली उमटली.

कौसल्याबाई मुलाकडे पाहत राहिल्या. त्याने मान वर केली नाही.

"बरं आजी, आता हे सांगा. झोळीतलं बाळ कोणाचं असेल?"

मधली स्त्री अद्याप वळून पाहतच होती.

"कुणाचं नाय," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चित्र पालथे घातले.