मांडीवरची झोप

चिलीतल्या त्या तुरुंगात कैद्यांना मांजरं सांभाळायला देत. पण कोणी हात उगारला की त्याचं मांजर दुसऱ्याकडे जाई. भेटीचा रविवार सरला आणि कोठडीला कुलूप लागलं. रेमिहियोकडे आजही कोणी आलं नव्हतं. समोरच्या खाटेवर निबाल्दो बायकोने आणलेली एम्पानादा, सारण भरलेली खारी करंजी, खात होता. “तुझी बायको हल्ली शेजाऱ्याला न्याहारी करून घालते म्हणे,” तो म्हणाला. रेमिहियोची मूठ वळली. अशाच एका शब्दापायी माणूस मारून तो इथे आला होता. दार बंद, राग घेऊन जायचं तरी कुठे? त्याला सांभाळायला दिलेली मांजरी त्याच्या मांडीवर झोपली होती; तिचं पोट संथ वरखाली होत होतं. “बोल की रे, दातखीळ बसली का?” निबाल्दो मोठ्याने हसला. रेमिहियोने मूठ उघडली आणि तो हात मांजरीच्या कानांवर धरला. “हळू बोल. झोपलीय ती.” निबाल्दोने पुढचा टोमणा मात्र कुजबुजत मारला.